एक्स-एकक, नेल आणि हवेचा चिकटपणा

एककांची अदलाबदल करून देणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये लांबीची यादी उघडा. फर्मी, एक्स-एकक, ऑंगस्ट्रॉम यांच्या पंगतीला ‘नेल’ आणि ‘एल’ बसलेले दिसतील. पहिली तीन अणूंच्या जगातली, शेवटची दोन इंग्लंडातल्या जुन्या कापड-व्यापाऱ्यांची. एका ऑंगस्ट्रॉमचे किती एल, असं विचारलं की उत्तर येतं 0.000000000087489063867. हसू येईल, पण गणितात काही खोट नाही.

नेल म्हणजे वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. असे वीस नेल मिळून 45 इंचांचा इंग्लिश एल. 1959 साली अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी वार 0.9144 मीटर असा ठरवून टाकला, त्यामुळे नेल झाला नेमका 5.715 सेंटिमीटर. ऑंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. तेव्हा एका नेलमध्ये 57 कोटी 15 लाख ऑंगस्ट्रॉम, ना एक कमी ना एक जास्त. एल मात्र कोणाचा ते आधी विचारून घ्यावं. फ्लेमिश एल 27 इंचांचा, तर फ्रेंच 54 इंचांचा.

इथवर नुसती शून्यांची सरकासरकी. खरी गंमत एक्स-एककात आहे.

स्वीडनचे मान्ने सीगबान क्ष-किरणांच्या तरंगलांब्या मोजत होते. कॅल्साइटच्या स्फटिकात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांतच जोरात परावर्तित होतात. कोन मोजला की थरांमधल्या अंतराच्या तुलनेत तरंगलांबी किती, ते कळतं. सीगबान कोन फार बारकाईने मोजत. पण हाती येतं ते गुणोत्तर. मुळात थरांमधलं अंतर किती? त्यांनी ते 3029.04 एक्स-एकक धरलं आणि एक एक्स-एकक म्हणजे ऑंगस्ट्रॉमचा हजारावा भाग असं मानलं.

हा आकडा कुठून आला, ते जरा सावकाश वाचा. कॅल्साइटची घनता आणि रेणुभार माहीत होते. एका मोलमध्ये, म्हणजे रेणुभाराइतक्या ग्रॅम पदार्थात, किती रेणू, म्हणजे अ‍ॅव्होगाड्रोचा अंक, कळला की एका रेणूच्या वाट्याला येणारं घनफळ मिळतं आणि त्याच्या घनमुळावरून थरांमधलं अंतर. अ‍ॅव्होगाड्रोचा अंक काढायचा तर एक मोल इलेक्ट्रॉनांच्या एकूण विद्युतभाराला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागायचं. तो एकट्याचा भार मिलिकन यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब हवेतून पडू देऊन मोजला होता. थेंब किती वेगाने पडेल हे हवेच्या चिकटपणावर, म्हणजे श्यानतेवर अवलंबून. आणि त्यांनी वापरलेली श्यानता सुमारे 0.4 टक्क्यांनी कमी होती!

आता ही चूक वर कशी चढते पाहा. इलेक्ट्रॉनचा भार श्यानतेच्या दीड घातात बदलतो, म्हणून तो 0.6 टक्क्यांनी कमी आला. भाजकच कमी, म्हणून अ‍ॅव्होगाड्रोचा अंक तेवढाच जास्त आणि रेणूच्या वाट्याचं घनफळ तेवढंच कमी. घनमूळ घेतल्यावर त्रुटीचा तिसरा हिस्सा उरतो: 0.2 टक्के. एवढ्याने अणूंच्या थरांमधलं अंतर आखूड ठरलं.

हे उघडकीस आलं ते रेघा ओढलेल्या जाळीमुळे. काचेवर किंवा धातूवर यंत्राने ओढलेल्या रेघांमधलं अंतर क्ष-किरणांच्या तरंगलांबीच्या हजारो पट असतं, त्यामुळे अशी जाळी इथे निरुपयोगी वाटते. पण किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासत सोडले तर त्यांच्या दिशेने रेघा दाटीवाटीने उभ्या असल्यासारख्या होतात आणि विवर्तन, म्हणजे तरंगलांबीनुसार ठरावीक कोनांत किरण वळणं, दिसतं. कॉम्प्टन आणि डोन यांनी 1925 मध्ये ते करून दाखवलं. या रेघांमधलं अंतर थेट मीटरशी ताडून पाहता येतं. इलेक्ट्रॉन नको, तेलाचे थेंब नकोत. जाळीने दिलेल्या तरंगलांब्या स्फटिकाने दिलेल्यांपेक्षा मोठ्या येऊ लागल्या. आधी संशय जाळीवरही घेतला गेला, पण श्यानता नव्याने मोजल्यावर जाळीच खरी ठरली.

कापडाच्या मापात हा फरक केवढा? सीगबान यांच्या हिशेबाने एका नेलमध्ये 57,150 कोटी एक्स-एकक बसायला हवेत. बसतात सुमारे 57,030 कोटी. सव्वादोन इंचांत 120 कोटींची तूट.

एककांच्या आकड्यांत गूढ शोधणाऱ्यांचा समाचार इथेच घेतो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं अक्षांश 29.9792 आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर, म्हणून प्राचीनांना सगळं ठाऊक होतं, असे संदेश फिरत असतात. मीटर जन्मला अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. प्रकाशाचा वेग सेकंदाला नेलमध्ये लिहून पाहा, ते अंक कुठच्या कुठे जातात.

एक्स-एककाचं भांडण तरीही पुरतं मिटलं नाही. तांब्याच्या एका क्ष-किरण रेषेची, म्हणजे तांब्यातून निघणाऱ्या एका ठरावीक क्ष-किरणाची, तरंगलांबी 1537.400 एक्स-एकक धरली की एक एकक येतं, मॉलिब्डेनमच्या रेषेची 707.831 धरली की थोडं वेगळं. पहिलं ऑंगस्ट्रॉमच्या हजाराव्या भागाच्या 1.00208 पट, दुसरं 1.00210 पट. स्थिरांकांच्या तक्त्यांत दोन्ही वेगवेगळी छापतात. कॅल्क्युलेटरमध्ये बहुधा एकच सापडेल, आणि ते कोणतं हे तिथे लिहिलेलं असेलच असं नाही.