ठाण्याच्या नळाला जड पाणी कुठून आले

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये गीझरची कॉइल वर्ष-दीड वर्षात निकामी होते, शॉवरची भोके बुजतात, काळ्या ओट्यावर नळाच्या बुडाशी पांढरी कड धरते आणि कितीही धुतले तरी केस चिकट राहतात. रहिवासी यासाठी सर्रास पालिकेच्या पाण्याला दोष देतात. मला ही समजूत चुकीची वाटते आणि ती दुरुस्त होणे गरजेचे वाटते, कारण दोष चुकीच्या जागी शोधला की उपायही चुकीच्या जागी होतो.

ठाणे महापालिकेचे पाणी चार वाटांनी येते: भातसा नदीवरच्या पिसे येथून उचललेले स्वतःच्या योजनेचे पाणी, उल्हास नदीवरील ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचे पाणी, औद्योगिक विकास महामंडळाचे पाणी आणि मुंबई महापालिकेकडून मिळणारा वाटा. या सर्वांचे मूळ सह्याद्रीच्या उतारावर पडणारा पाऊस हेच आहे. पावसाचे पाणी खडकावरून वेगाने वाहत येऊन धरणात साठते, त्यामुळे खडकातील क्षार विरघळवून घेण्याइतका सहवास त्याला मिळत नाही, आणि म्हणून ते हलके, साबणाला भरपूर फेस आणणारे असते. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘सुफेन’ आणि त्याच्या उलट असलेल्याला ‘दुष्फेन’ म्हणत. घरात मात्र आपण ‘जड पाणी’ किंवा सरळ ‘बोअरिंगचे पाणी’ म्हणतो आणि या दुसऱ्या शब्दातच खरे उत्तर दडलेले आहे.

ठाण्याच्या खालचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला बेसॉल्ट. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक असते. मातीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षे मुरत असताना ही दोन्ही द्रव्ये अंगात घेते. पाण्याचा जडपणा तो हाच. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500, 2012) पिण्याच्या पाण्यातला एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

येथे खाडीची भर पडते. येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे सरकताना कोलशेत, बाळकूमसारखी गावे भरतीच्या पाण्याला लागून आहेत. विंधन विहिरीतून जमिनीतले गोडे पाणी भराभर उपसले की त्याचा दाब कमी होतो आणि त्या जागी खारे पाणी आत शिरते. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला सहा हजार मिलिग्रॅमच्या वर असतो, म्हणजे शंभर लिटर पाण्यात जेमतेम पाच लिटर समुद्राचे पाणी असले तरी जडपणा सुमारे तीनशेने चढतो. चवीला ते मचूळ लागते. मचूळ असणे आणि जड असणे या खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु खाडीकाठच्या बोअरिंगला त्या बहुधा एकत्रच येतात.

कोकणच्या खाडीकाठाला हे नवे नव्हते. पिण्याची विहीर वेगळी, वापरायची वेगळी, आणि डाळ शिजवायला गोड्या विहिरीचेच पाणी आणायचे, ही रीत होती. दोन पाणी एकत्र करू नयेत हे शहाणपण त्यात होते, आणि शहर वाढताना नेमके तेच सुटले. 1982 साली ठाणे महापालिका स्थापन झाली. 1991 च्या जनगणनेत सुमारे आठ लाख असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये अठरा लाखांवर गेली, आणि त्या वाढीचा मोठा भाग घोडबंदर पट्ट्यातल्या उंच इमारतींनी उचलला. धरणाचे पाणी त्या वेगाने वाढले नाही. बागेसाठी आणि फ्लशसाठी म्हणून खणलेली बोअरिंग मग तुटवड्याच्या दिवसांत तळटाकीला जोडली गेली. त्यातही भागले नाही की टँकर आला, ज्याचे पाणी कोणत्या विहिरीचे हे कोणी विचारत नाही. तळटाकीत सगळे एक झाले, वर चढले आणि नळाला ‘पालिकेचे पाणी’ म्हणून उतरले.

आमच्या इमारतीत मी मे महिन्यात दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत पालिकेच्या जोडणीवरून थेट भरलेले पाणी, दुसरीत न्हाणीघरातल्या नळाचे. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवले. पहिली गळ्यापर्यंत फेसाने भरली, दुसरीत फेस बसला आणि दही फाटल्यासारखे पांढरे कण तरंगू लागले. साबण कॅल्शियमशी बांधला जाऊन तयार होणारा हाच साका केसांवर, बादलीच्या कडेला आणि कपड्यांच्या धाग्यांत राहतो. म्हणून जड पाण्यात साबण जास्त लागतो आणि स्वच्छता कमी मिळते.

गीझरचे नुकसान सर्वांत जास्त होते, कारण पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर मोडतो आणि न विरघळणारी चुनखडी होऊन सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवरच, बसतो. आमच्या प्लंबरने काढून दाखवलेली कॉइल बोटभर जाडीच्या, अंड्याच्या कवचासारख्या थराने मढलेली होती. तो थर उष्णता अडवतो, त्यामुळे पाणी उशिरा तापते, विजेचे बिल चढते आणि आतली कॉइल अति तापून जळते. स्वयंपाकघरात तूरडाळ शिजत नाही तेव्हा डाळीला दोष दिला जातो, पण दाण्यांच्या पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियममुळे अधिक घट्ट होते, हे त्यामागचे कारण आहे. आरोग्याची भीती मात्र अवाजवी आहे: जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

घरोघरी यावर उपाय म्हणून आरओ यंत्र बसले. ते फक्त पिण्याचे चार घोट सुधारते आणि त्यासाठी बरेच पाणी वाया घालवते. क्षारांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटले होते, आणि धरणाचे पाणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. न्हाणीघर, गीझर आणि धुलाई यंत्र मात्र टाकीतले मिश्रणच घेत राहतात.

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी तळटाकीत मधली भिंत घालून बोअरिंगची नळी फ्लशच्या टाकीला वळवली. टँकर आला तर तोही आता त्याच कप्प्यात रिकामा होतो, आणि वॉचमनच्या वहीत कोणत्या दिवशी कोणता व्हॉल्व्ह उघडला याची नोंद असते.