सांडपाण्यातील विषारी धातू आणि आयन-विनिमय रेझिने

निकेल, क्रोमियम, तांबे, शिसे, पारा हे धातू पाण्यात विरघळून आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपात असले, की ते गाळणीत अडकत नाहीत आणि जिवाणूही त्यांना संपवू शकत नाहीत. असे आयन स्वतःकडे धरून ठेवणाऱ्या आणि बदल्यात सोडियमसारखे सौम्य आयन पाण्यात सोडणाऱ्या कृत्रिम बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) मण्यांना आयन-विनिमय रेझिने म्हणतात. मणी मोहरीहून बारीक असतात, साधारण ०.३ ते १.२ मिमी. सांगाडा बहुधा स्टायरीन व डायव्हिनिलबेंझीन या सेंद्रिय रसायनांचा असतो. त्यावर जडवलेला रासायनिक गट कोणता, यावर रेझिन काय पकडणार हे ठरते.

या गुणाचा पहिला पत्ता मातीत लागला. इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास थॉम्पसन आणि वे या संशोधकांना असे आढळले, की अमोनियाचे क्षार मातीतून झिरपवले तर खाली कॅल्शियमचे क्षार उतरतात. कृत्रिम रेझिने १९३५ मध्ये इंग्लंडमध्येच ॲडम्स व होम्स यांनी बनवली. भारतात मुंबईची आयन एक्स्चेंज आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्यांची रेझिने अनुक्रमे इंडिऑन व तुल्सिऑन या नावांनी मिळतात.

रेझिनचा खरा कस लागतो तो प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, कारखान्यात. निकेलच्या टाकीतून जॉब (मुलामा द्यायची वस्तू) वर उचलला की त्याला चिकटलेले हिरवे द्रावण सोबत येते आणि धुण्याच्या टाकीत उतरते. हे धुण्याचे पाणी, म्हणजे धुणे, पातळ पण भरपूर असते. समजा, त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम निकेल आहे आणि कॉलममध्ये, म्हणजे रेझिन भरलेल्या उभ्या टाकीत, १०० लिटर रेझिन आहे. प्रत्यक्ष कामात लिटरभर रेझिनने ३० ग्रॅम निकेल धरले, तर ३ किलो निकेल साठेपर्यंत ६०,००० लिटर पाणी त्यातून जाईल. ताशी हजार लिटरच्या वेगाने साठ तास. कॉलम काचेचा असेल तर मजा दिसते: हिरवा पट्टा वरून खाली सरकत जातो, आणि तो तळाशी पोचण्याआधी पाणी दुसऱ्या कॉलमकडे वळवावे लागते. तांबे असेल तर पट्टा निळा.

कागदावरचे हे गणित बोअरच्या पाण्यात बिघडते. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात, विद्युतभाराच्या हिशेबाने पाहिले, तर कॅल्शियम या निकेलच्या दुपटीहून अधिक भरते. साध्या धनायन (धन भाराचे आयन पकडणाऱ्या) रेझिनच्या बऱ्याच जागा मग कॅल्शियमच अडवून बसते. यावर उपाय म्हणजे कीलेट रेझिन. खेकड्याने दोन नांग्यांत भक्ष्य धरावे तसे यावरील इमिनोडायअॅसिटेट गट धातूला धरतात. तांब्याला सर्वांत घट्ट, निकेल व जस्ताला त्याहून कमी, कॅल्शियमला अगदी ढिले. पाऱ्यासाठी गंधकयुक्त थायॉल गटाचे रेझिन लागते. त्याची पकड इतकी पक्की असते, की पारा पुन्हा सोडवणे अवघड जाते.

क्रोमियमची तऱ्हा वेगळी. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असते, म्हणून त्याला ऋणायन रेझिन हवे. आणि क्रोमेट स्वतः ऑक्सिडीकारक असल्याने तेच रेझिन हळूहळू खाते. बरेच कारखानदार त्यापेक्षा आम्लात सोडियम बायसल्फाइट टाकून त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम करतात आणि चुन्याने गाळ पाडतात. सायनाइडचे धुणे मात्र पहिल्यापासून वेगळ्या नळानेच न्यावे. ते आम्लात मिसळले तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो.

तेल आणि गढूळपणा मण्यांवर बसू नये म्हणून कॉलमच्या आधी वाळूचा आणि सक्रिय कार्बनचा गाळण थर असतो. भरलेले रेझिन ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक किंवा गंधकाम्लाने धुतले, की हायड्रोजन आयन धातूला हुसकावून लावतात. मग कीलेट रेझिन कॉस्टिक सोड्याने पुन्हा सोडियम रूपात आणतात. त्या वेळी मणी फुगतात. टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली नसेल तर ते एकमेकांवर दाबले जाऊन फुटतात.

धातू नाहीसा होत नाही, फक्त आटोपशीर जागेत येतो, हे पुष्कळदा विसरले जाते. वरच्या उदाहरणातले ३ किलो निकेल ३०० लिटर आम्लात उतरले, तर लिटरला १० ग्रॅम होते. निकेलच्या टाकीतल्या द्रावणाहून हे बरेच पातळ, म्हणून आटवून आणि शुद्ध करूनच ते परत वापरता येते. एकाच धातूचे धुणे वेगळे ठेवले असेल तरच हे जमते. निकेल, जस्त, तांबे सगळे एका गटारात सोडले, की हाती मिश्रण उरते आणि त्याचा शेवट चुन्याच्या गाळातच होतो.

म्हणूनच अनेक ठिकाणी आधी चुन्याने मोठा हिस्सा खाली बसवतात आणि रेझिनला शेवटचा हात फिरवायला ठेवतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी भारतातील सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे निकेल ३, षट्संयुजी क्रोमियम ०.१ आणि पारा ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाऱ्याचा आकडा नुसत्या चुन्याने गाठणे कठीण.

वर्षानुवर्षे वापरून मणी तडकले, की ते नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. विषारी धातू असलेले वापरून झालेले रेझिन २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे.