जाड दाराची तिजोरी म्हणजे फायरप्रूफ तिजोरी नव्हे

दुकानात गिऱ्हाईक दारावर टकटक करून विचारतं, "फायरप्रूफ आहे ना?" विक्रेता मान डोलावतो. पण चोराला अडवणारी तिजोरी आणि आगीला अडवणारी तिजोरी बाहेरून सारख्या दिसल्या, तरी एकीचा गुण तोच दुसरीचा दोष असतो.

चोरीपासून वाचवणाऱ्या तिजोरीची सगळी ताकद पोलादात असते. जाड पत्रा, चौकटीत घुसणारे बोल्ट, कुलपापुढे ड्रिलला दाद न देणारी कडक पट्टी. हेच पोलाद उष्णता भराभर आत नेतं. कागद साधारण २३० अंश सेल्सियसला करपू लागतो आणि आगीच्या चाचणीची भट्टी तासाभरात ९०० च्या वर जाते. घरातल्या पत्र्याच्या कपाटातलं लॉकर तर दोन्ही कामांना अपुरं.

फायरप्रूफ तिजोरीत दोन पातळ पत्र्यांच्या मधे काँक्रीट किंवा जिप्समसारखं जाड भरण असतं. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के बांधलेलं पाणी असतं. आग लागली की त्याची वाफ होऊ लागते आणि बरीचशी उष्णता तिथेच खर्ची पडते. दाराच्या कडेची पट्टी तापून फुगते, फट बुजते. म्हणून तिच्यावर रंग मारू नये, ती खरवडू नये. पाणी एकदाच उडतं, त्यामुळे आगीतून निघालेली तिजोरी बाद. जुन्या बाजारात नवा रंग लावून ठेवलेल्या तिजोरीचा इतिहास कळत नाही, ती टाळलेलीच बरी. चोराच्या पहारीपुढे मात्र हे पातळ पत्रे फार टिकत नाहीत.

खरेदी करताना दाराच्या आतलं लेबल वाचा. त्यावर किती मिनिटं आणि कशासाठी, हे दोन्ही हवं. कागदाच्या वर्गात आतलं तापमान १७७ अंशांच्या खाली राहिलं की तिजोरी पास. हार्ड डिस्कच्या वर्गाची मर्यादा ५२ अंशांची, म्हणजे कागदाच्या तिजोरीत फाइल वाचेल, डिस्क जाईल. पेठांतल्या लाकडी वाड्यात, जिथे बंबाला बोळात शिरणंच कठीण, तिथे ६० मिनिटांपेक्षा कमी घेऊ नये.

पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक दुखणं निघतं. भरणातल्या ओलाव्यामुळे आणि घट्ट दारामुळे आतली हवा दमट होते. पासपोर्टची पानं वाकतात, फोटो एकमेकांना चिकटतात, चांदी काळवंडते. कागद झिपच्या पिशवीत घालावेत, सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी, कोरड्या दिवशी दार थोडा वेळ उघडं ठेवावं.

बसवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. चोरीरोधक तिजोरी बोल्टने जखडली नाही, तर चोर ती उचलूनच नेतो. नव्या सोसायट्यांतल्या पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा फास्टनर नुसता गोल फिरतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट लागतो, नाहीतर सरळ काँक्रीटच्या स्लॅबला धरावी. फरशीला भोक पाडताना टाइल संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, नाहीतर टाइल तडकलीच. फायरप्रूफ तिजोरीला कंपनीने दिलेल्या जागेशिवाय नवं भोक पाडू नका, त्यातूनच उष्णता आत शिरते. आणि किल्ली त्याच तिजोरीत ठेवू नका. हसू नका, बरेच जण ठेवतात.

आग विझली म्हणून लगेच दार उघडायचं नाही. आत तापलेल्या कागदाला हवा लागली की तो तिथेच पेट घेऊ शकतो. एक दिवस थंड होऊ द्या.

दागिन्यांसाठी आमचा कौल जखडलेल्या चोरीरोधक तिजोरीला. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, आणि वितळलं तरी सोनंच राहतं. मोती मात्र वाचत नाहीत. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते, तेव्हा आगीपासून आधी जपायचं ते ज्याची नक्कलच नाही ते: मृत्युपत्र, आजोबांची पत्रं, जुने फोटो. त्यांच्यासाठी आगरोधक पेटी घेऊन ती चोरीरोधक तिजोरीच्या आत ठेवता येते, फक्त आधी दाराची आतली रुंदी टेपने मोजा. दार पूर्ण उघडूनही बोल्ट आडवे येतात आणि पेटी दोन बोटांच्या फरकाने अडकते.