ब्रुजला रात्र, गेंटला दिवस

बेल्जियमसाठी तीन-चार दिवस हातात असले की पहिला दिवस ब्रसेल्समध्ये जातो आणि मग प्रश्न येतो: ब्रुज की गेंट? फोटोंत दोन्ही शहरं अगदी सारखी दिसतात. कालवे, पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या दर्शनी भिंतींची विटांची घरं, उंच घंटाघर, कोपऱ्याकोपऱ्यावर चॉकलेटची दुकानं. त्यामुळे ‘एक पाहिलं की दुसरं पाहिल्यासारखंच’ असं म्हणून बहुतेकजण ब्रुज निवडतात. सकाळी ब्रसेल्सहून निघतात आणि संध्याकाळी परत येतात. गेंट त्याच रेल्वेमार्गावर मध्ये लागतं, ते गाडीच्या खिडकीतूनच मागे पडतं. हा बेत मला दोन्ही शहरांवर अन्याय करणारा वाटतो.

आधी नावांचा घोळ सोडवू. ब्रुज हे फ्रेंच वळणाचं नाव. तिथले लोक डच बोलतात आणि लिहितात ‘ब्रुग्गे’. गेंटला फ्रेंचमध्ये ‘गाँ’ म्हणतात. ब्रसेल्स अधिकृतपणे दोन भाषांचं शहर असल्याने तिथे पाट्यांवर दोन्ही नावं असतात, पण ही दोन्ही शहरं फ्लँडर्समध्ये, म्हणजे डच भाषेच्या प्रांतात येतात. गाडी ब्रसेल्सबाहेर पडली की पाट्या आणि घोषणा डचमध्ये. तेव्हा ‘ब्रुग्गे’ आणि ‘गेंट-सिंट-पीटर्स’ ही दोन नावं कागदावर लिहून ठेवा. ब्रसेल्सचं ‘मिडी’ आणि ‘झाउड’ हे एकच स्टेशन आहे, दोन्हींचा अर्थ दक्षिण. तिथून गेंट अर्ध्या तासाहून थोडं जास्त, ब्रुज साधारण तासाभरावर, आणि दोघांमधलं अंतर गाडीने जेमतेम पंचवीस मिनिटांचं.

ही शहरं वेगळी का झाली, ते समजलं की निवड सोपी होते. मध्ययुगात दोघांचंही पोट एकाच धंद्यावर चालायचं: इंग्लंडहून लोकर आणायची, विणायची, कापड युरोपभर विकायचं. विणण्यात गेंट मोठं होतं, व्यापारात ब्रुज. 1134 च्या वादळाने समुद्राचा एक फाटा जमिनीत आत आला, झ्विन नावाची खाडी तयार झाली आणि ब्रुजच्या दाराशी जहाजं येऊ लागली. इटलीपासून बाल्टिकपर्यंतचे व्यापारी तिथे एकमेकांना भेटत. व्हान डर बर्झ नावाच्या कुटुंबाच्या खानावळीसमोर हे व्यवहार चालत, आणि त्या आडनावावरूनच बाजारासाठी ‘बोर्स’ हा शब्द रूढ झाला असं मानतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्सची पाटी दिसते, तिच्यातला शब्द ब्रुजच्या त्या चौकातून चालत आला आहे.

पण पंधराव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली. जहाजं अँटवर्पकडे वळली आणि ब्रुजचा धंदा बसला. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं शहर राहिलं. सगळंच मात्र मध्ययुगीन नाही: एकोणिसाव्या शतकात अनेक दर्शनी भिंती जुन्या धाटणीत नव्याने सजवल्या गेल्या. तरीही रस्त्यांची वळणं आणि कालवे बरेचसे तेच आहेत, आणि 2000 साली हे अख्खं जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं.

गेंट थांबलं नाही. लीव्हेन बाउवेन्स या माणसाने 1800 च्या आसपास इंग्लंडमधून सूत कातायचं यंत्र चोरून आणलं आणि गेंट गिरण्यांचं शहर झालं. त्याचा पुतळा शहरात आहे. एका जुन्या सूतगिरणीत आज उद्योगाचं संग्रहालय आहे. ज्यांच्या घरात लालबाग-परळच्या गिरण्यांच्या आठवणी आहेत, त्यांनी ते पाहावंच. चातीचा आणि मागाचा आवाज कुठून सुरू झाला ते तिथे समोर दिसतं. शिवाय 1817 पासूनचं विद्यापीठ आहे, त्यामुळे रस्त्यावर विद्यार्थी आणि सायकली. गेंटचे लोक स्वतःला ‘फासवाले’ म्हणवतात तेही ऐकण्यासारखं आहे. 1500 साली इथेच जन्मलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध शहराने कराच्या प्रश्नावर बंड केलं. 1540 मध्ये त्याने शहरातल्या प्रतिष्ठितांना गळ्यात फास अडकवून, अनवाणी, दयेची भीक मागायला लावली. ती नामुष्कीच गेंटने पुढे अभिमानाची खूण केली.

बघण्याच्या जागांत दोघांचा एकेक ठेवा असा आहे की त्याला पर्याय नाही. गेंटला सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हान आयक या चित्रकार बंधूंचं 1432 साली पूर्ण झालेलं वेदीचित्र आहे, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी लाकडी फळ्यांवर रंगवलेलं चित्र. त्याची एक फळी 1934 मध्ये चोरीला गेली ती आजवर सापडलेली नाही, जागी नक्कल बसवली आहे. ब्रुजला चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकलएंजेलोची संगमरवरी माता आणि बालक. नाझींनी या दोन्ही कलाकृती पळवल्या होत्या आणि 1945 मध्ये त्या ऑस्ट्रियातल्या एकाच मिठाच्या खाणीत सापडल्या. पाच वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगू नका, त्याला थेट गेंटच्या ग्राव्हेनस्टेन किल्ल्यात न्या. 1180 चा, भर शहरात, खंदकासकट.

बरोबर आई-बाबा असतील तर माझं मत गेंटकडे झुकतं. ब्रुजच्या घंटाघराला 366 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गेंटच्या मनोऱ्यात थोड्या पायऱ्या चढल्या की लिफ्ट मिळते. स्टेशनपासून मध्यवस्तीपर्यंत ट्राम आहे. आणि जेवण! गेंटने 2009 पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून सुरू केला, शहराच्या शाळांतही. त्यामुळे उपाहारगृहात ‘मांस नको, मासेही नको’ हे तिथे दोनदा समजवावं लागत नाही. दोन्ही शहरांत एक मात्र विचाराच: बेल्जियमचे बटाट्याचे फ्राइज परंपरेने गुरांच्या चरबीत तळतात. तेलात तळलेले कुठे मिळतील, हे खाण्याआधी विचारा, नंतर नको.

मग ब्रुज का? कारण ब्रुज रात्रीचं आहे. दिवसा बसगाड्या आणि झेब्रुगं बंदरात लागलेल्या क्रूझ बोटींतले प्रवासी गल्ल्या भरून टाकतात, आणि ब्रसेल्सहून दिवसापुरते येणारे आपण नेमके त्याच गर्दीत असतो. संध्याकाळी ही माणसं परत गेली की कालव्याकाठी घंटांचे सूर स्पष्ट ऐकू येतात. सकाळी साडेसातला बेगाइनहॉफच्या अंगणात उभं राहावं: 1245 साली बायकांनी बायकांसाठी वसवलेली ही वस्ती, पांढरी घरं, उंच झाडं. तिथे शांतता पाळायची असते, आणि त्या वेळी ती खरोखर असते.

तेव्हा दोनच रात्री असतील तर दोन्ही ब्रुजला झोपा आणि मधला भरगच्च दिवस, जेव्हा ब्रुजमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तो गेंटला द्या. चार रात्री असतील, किंवा बरोबर कट्टर शाकाहारी ज्येष्ठ असतील, तर गेंटला तळ ठोका आणि एक रात्र तेवढी ब्रुजला काढा. वेदीचित्राच्या तिकिटावर ठरलेली वेळ असते आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून आधी ते तिकीट काढा. गाड्या दिवसभर सुटत असतात, त्या नंतर बघता येतील.