इअरफोन बदलला की प्लेअरचा आवाज का बदलतो?

खिशातल्या म्युझिक प्लेअरची तुलना करणारे व्हिडिओ पाहताना एक गोष्ट सतत खटकते. ‘याचा आवाज भरदार, त्याचा कोरडा’ असे निकाल धडाधड दिले जातात. पण ऐकताना कानात कोणता इअरफोन होता, हे बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. सगळी चर्चा आत कोणती डॅक चिप आहे यावर. मला ही चर्चा चुकीच्या जागी चाललेली वाटते.

डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या संगीताचा विद्युत संकेत बनवणारा भाग. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक नमुना 16 बिटचा. एवढ्यात माणसाला ऐकू येणारी 20 किलोहर्ट्झपर्यंतची कंपनं आणि सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मावतो. आजची स्वस्त चिपही हे काम चोख करते. खरी गंमत चिपच्या पुढे आहे: अ‍ॅम्प्लिफायर आणि इअरफोन जिथे जोडले जातात तिथे.

शाळेत विद्युतघटाचा अंतर्गत रोध शिकलो होतो, तो इथे आठवा. प्लेअरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही असा स्वतःचा रोध असतो. त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो आणि इअरफोन एकसरीत जोडलेले असतात, त्यामुळे उपलब्ध विभवांतर दोघांत वाटलं जातं. इअरफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखाच असता तर आवाज फक्त थोडा लहान झाला असता, बटण दाबून वाढवला की काम झालं. पण अनेक इअरफोनचा रोध सुराबरोबर बदलतो.

साध्या, एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग; डायनॅमिक म्हणजे नेहमीच्या लाउडस्पीकरसारखा) इअरफोनमध्ये हा बदल फारसा नसतो. बॅलन्स्ड आर्मेचर जातीच्या इअरफोनमध्ये मात्र तो मोठा असतो. हे तंत्र श्रवणयंत्रांतून आलेलं. त्यात चुंबकांच्या मधोमध एक बारीक धातूची पट्टी असते आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. वेटोळं म्हटलं की कंपनसंख्या वाढेल तसा अडथळा वाढणार. त्यात तीन-चार ड्रायव्हर आणि त्यांच्यात सुरांची वाटणी करणारं सर्किट आलं, की रोधाचा आलेख सह्याद्रीच्या कडेसारखा वरखाली होतो.

आता आकडे घालून पाहू. समजा, एखाद्या इअरफोनचा रोध एका सुराला 8 ओहम आणि दुसऱ्याला 40 ओहम आहे. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स 10 ओहम असेल, तर पहिल्या सुराच्या वेळी इअरफोनच्या वाट्याला 18 पैकी 8 भाग येतात, म्हणजे सुमारे 44 टक्के. दुसऱ्याच्या वेळी 50 पैकी 40, म्हणजे 80 टक्के. डेसिबलमध्ये हा फरक 5 च्या आसपास भरतो. कुणीतरी गुपचूप इक्वलायझर फिरवून ठेवावा इतका! तोच प्लेअर 1 ओहमचा असेल तर फरक 0.8 डेसिबलवर येतो. (इथे मी सोयीसाठी इम्पीडन्सला साधा रोध धरलं आहे. प्रत्यक्षात कला, म्हणजे फेजही मोजावी लागते, पण निष्कर्षाची दिशा तीच राहते.) तानपुऱ्याची जवारी ज्या वरच्या स्वरांशांवर उभी असते, तिथे असा चढ आला तर तीच तानपुरा जोडी चमकदार वाटेल. श्रेय मात्र चिपला मिळेल.

हा परिणाम निर्मात्यांनी जाणूनबुजून वापरलाही आहे. एटिमॉटिक कंपनीचा ईआर-4पी हा इअरफोन 27 ओहमचा होता, ईआर-4एस 100 ओहमचा. ‘पी’ला 75 ओहमची जोडतार लावली की तो ‘एस’सारखा वाजायचा: खर्ज तुलनेने मागे, वरचे स्वर पुढे. ड्रायव्हर तोच, फक्त वाटेत रोध वाढवलेला.

काही जुन्या प्लेअरांत दुसरी अडचण असे. एकदिश प्रवाह अडवायला बाहेर पडण्याच्या वाटेवर कपॅसिटर असायचा. 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 16 ओहमचा इअरफोन मिळून सुमारे 45 हर्ट्झपाशी आवाज 3 डेसिबलने खाली येतो. इअरफोन 32 ओहमचा घेतला तर हीच सीमा 23 हर्ट्झच्या जवळ सरकते. म्हणजे त्याच प्लेअरमधून एकाला खर्ज पुरेसा वाटणार, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही बरोबर!

अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये प्लेअरचा स्वतःचा ‘स्स्स’ही ऐकू येतो. गाणं सुरू करून लगेच थांबवा आणि शांत खोलीत ऐका, कळेल.

या सगळ्याकडे दुर्लक्ष करून बाजार भलत्याच गोष्टी विकतो. 2015 मध्ये सोनीने ‘उत्तम ध्वनीसाठी’ म्हणून 64 जीबीचं मेमरी कार्ड साध्या कार्डाच्या कित्येक पट किमतीला आणलं होतं. वाचताना विद्युत गोंगाट कमी होतो, असा दावा होता. कार्डावरचे 0 आणि 1 दोन्हीकडे तेच. ऐकणाऱ्याला कार्ड कोणतं ते न सांगता घेतलेल्या चाचणीत फरक दिसला, तरच असा दावा मानावा. बोटातल्या खड्याने ग्रह शांत होतात, या दाव्यालाही मी हीच कसोटी लावेन.

तुलना करायचीच असेल तर इअरफोनचा रबरी बोळा कानात घट्ट बसलाय ना ते आधी बघा. फट राहिली तर खर्ज इतका गळतो की पुढची चर्चाच व्यर्थ. मग दोन्ही प्लेअरची पातळी जुळवा. इअरफोन जोडलेला ठेवून, 1 किलोहर्ट्झचा सूर वाजवून, मल्टीमीटरवर, 0.1 डेसिबलच्या आत. कानाने जुळवलेली पातळी चालत नाही, कारण जरासा मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो. आणि विकत घेताना दुकानदाराला आउटपुट इम्पीडन्स विचारा. इअरफोनच्या किमान रोधाच्या आठव्या भागाहून तो कमी हवा. 8 ओहमपर्यंत उतरणाऱ्या इअरफोनला 1 ओहम किंवा त्याहून कमी.