पुरवठादाराच्या नोंदीत नंबर कोणाचा? उद्यम नोंदणी आणि जीएसटीतला संपर्क बदलण्याची प्रक्रिया

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस विभागात आता कोणी डायरी चाळत बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जीएसटी क्रमांक टाकला की पुरवठादाराची नोंद उघडते. फर्मचं नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल सगळं समोर. कोटेशनची मागणी त्याच ईमेलवर जाते, पीओसुद्धा (म्हणजे खरेदीची ऑर्डर). ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या अनेक छोट्या वर्कशॉपच्या नोंदीत मात्र तो नंबर मालकाचा नसतो, कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटचा असतो. माल चोख, दर वाजवी, आणि चौकशी भलत्याच माणसाच्या फोनवर. तेव्हा नोंदणी स्वतः करा, नाहीतर निदान नंबर आणि ईमेल तरी स्वतःचा घाला.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीपासून. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी कोणी सरकारी फी मागत असेल तर ती फी नाही हे पक्कं समजा. उत्पादन करणारा किंवा सेवा देणारा कोणताही सूक्ष्म, लघू वा मध्यम उद्योग पात्र आहे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या. गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघू, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. घाऊक आणि किरकोळ व्यापारीही नोंदणी करू शकतात, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता.

कागद अपलोड करायचा नाही, माहिती हाताशी हवी. आधार, पॅन, जीएसटी क्रमांक (कायद्याने जीएसटी लागू नसेल तर त्याविना चालतं), बँक खातं आणि आयएफएससी, गाळ्याचा पत्ता, कामगारांची संख्या, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख. प्रोप्रायटरी असेल तर मालकाचं आधार, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं, एकत्र कुटुंबाच्या फर्ममध्ये कर्त्याचं. कंपनी किंवा एलएलपीसाठी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) अधिकृत स्वाक्षरीदाराचं आधार, सोबत संस्थेचं पॅन. गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे आयकर व जीएसटीच्या नोंदींवरून येतात.

इथे एक जागा नीट बघा. पहिला ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, म्हणून सगळं आपल्याच नावावर चाललंय असं वाटतं. पण पुढे फॉर्ममध्ये मोबाईल आणि ईमेलचे रकाने वेगळे असतात. एजंट नेमका तिथे आपला नंबर घालतो. नंतर दुरुस्ती करायची तर ओटीपी त्या नंबरवर जातो आणि तुम्ही त्याच्या मागे फिरत राहता. तसं झालंच असेल तर जिल्हा उद्योग केंद्राची मदत घ्या. ठाणे शहर आणि नवी मुंबईचा टीटीसी औद्योगिक पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. तळोजा, पनवेलवाल्यांचा जिल्हा रायगड, त्यांनी अलिबागचं केंद्र गाठायचं.

प्रमाणपत्राचं नूतनीकरण लागत नाही. एका उद्योगाला एकच नोंदणी; दुसरा गाळा घेतला तर तो त्याच नोंदणीत वाढवायचा. सूक्ष्म किंवा लघू असाल तर बिलावर उद्यम क्रमांक छापाच. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही.

आता जीएसटी. पोर्टलवर 'करदाता शोधा' मध्ये कोणालाही तुमचा १५ अक्षरांचा क्रमांक टाकून बघता येतो. महाराष्ट्राचे पहिले दोन आकडे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यात नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द हे दिसतं. मोबाईल आणि ईमेल दिसत नाही. पण विभागाचे सगळे ओटीपी आणि नोटिसा त्याच संपर्कावर येतात. लॉगिन तुमच्याकडे असेल तर नोंदणी दुरुस्तीतल्या नॉन-कोअर (किरकोळ बदलांच्या) भागात जाऊन स्वाक्षरीदाराचा मोबाईल व ईमेल बदला, नव्या नंबरवर ओटीपी येईल. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पत्ता बदलायचा तर मात्र लागते, आणि तो बदल झाल्यापासून १५ दिवसांत कळवायचा असतो.

लॉगिनच एजंटकडे अडकलं असेल तरी मार्ग आहे. आपल्या भागाचा जीएसटी अधिकारी (कार्यक्षेत्र अधिकारी) कोण हे पोर्टलवर शोधा आणि ओळखीचे व फर्मचे पुरावे, लेटरहेडवरचा अर्ज घेऊन भेटा. कागद तपासून ते नवा मोबाईल आणि ईमेल नोंदवतात. मग त्या ईमेलवर यूजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो, तो लगेच बदलायचा.

शेवटचा टप्पा खरेदीदाराकडचा. सरकारी नोंद बदलली म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमधला नंबर आपोआप बदलेल असं धरून चालू नका. तो तुम्ही कधीकाळी भरलेल्या व्हेंडर फॉर्मवरून आलेला असतो. लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र, सोबत जीएसटी आणि उद्यम प्रमाणपत्राची प्रत द्या आणि फोनवर नोंद वाचून दाखवायला सांगा. बँक खातं बदलायचं असेल तर त्याच पत्रात घुसडू नका. दोन्ही एकदम बदलले की फसवणुकीचा संशय येतो आणि पेमेंट थांबतं. खात्यासाठी कॅन्सल्ड चेक लावून वेगळं पत्र द्या, तेही नवा नंबर नोंदला गेल्यावर.