ई-श्रम कार्ड म्हणजे श्रमयोगीचं पेन्शन नव्हे

ई-श्रम कार्ड घरोघरी आहे, म्हणून त्याचं थोडक्यात. ऑगस्ट 2021 पासून सुरू असलेली ही असंघटित कामगारांची नोंदणी. वय 16 ते 59, आधार, बँक खातं, एवढं पुरतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि नुसत्या कार्डावर दरमहा काही मिळतही नाही. प्लास्टिकचं कार्ड छापून घेतल्याने त्यात भर पडत नाही.

ई-श्रम कार्डावर मिळतात म्हणून मेसेजमधून फिरणारे 'साठीनंतर महिना 3000' हे प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेचे. ती 2019 ची, निराळी योजना. तिथे नाव असून भागत नाही, दरमहा हप्ता भरावा लागतो. अठराव्या वर्षी शिरलात तर 55 रुपये, एकोणतिसाव्या वर्षी 100, चाळिसाव्या वर्षी 200. तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालतं. चाळिशी ओलांडली की दार बंद. पंचेचाळिशीच्या गवंड्याला ई-श्रम कार्ड मिळेल, पण हे पेन्शन मिळणार नाही. 'आमच्या शेजारी चालू झालंय' म्हणणाऱ्यांनी साधा हिशोब करावा: 2019 ला चाळिसाव्या वर्षी योजनेत शिरलेला माणूस साठीला पोचणार 2039 मध्ये. शेजाऱ्याला मिळतंय ते बहुधा राज्याच्या श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेचं असेल.

मासिक कमाई 15,000 पर्यंत हवी. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) किंवा आयकर असेल तर चालत नाही. सीएससी (सरकारी सेवांच्या) केंद्रात आधार आणि पासबुक न्यायचं, पहिला हप्ता रोख, पुढचे खात्यातून आपोआप वळते होतात. घोळ होतो तो इथेच. मजुरी आली की लोक खातं रिकामं करतात, वळतं करायच्या दिवशी शंभर रुपयेही नसतात आणि हप्ते थकतात. थकबाकी दंडासह भरून खातं पुन्हा चालू करता येतं. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलात तर स्वतःचे पैसे बचत खात्याच्या व्याजाने परत. सरकारचा वाटा मिळत नाही. पेन्शन सुरू झाल्यावर कामगार गेला तर जोडीदाराला निम्मं, म्हणजे 1500. मुलांना काही नाही, हे केंद्रवाले सहसा सांगत नाहीत.

ई-श्रमचा यूएएन (कामगाराचा ओळख क्रमांक) बारा आकडी, पीएफचाही बारा आकडी. म्हणून पहिला पीएफच्या साइटवर टाकून शिल्लक शोधत बसू नका. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड तर तिसरंच. त्याला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो.